जाझ आणि गामेलान एकाच मंचावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियात जाझ आणि गामेलान हा तिथला पारंपरिक वाद्यमेळ एकत्र वाजवणाऱ्या मैफली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. बालीला फिरायला जाणारे, नोकरीनिमित्त जकार्तात राहणारे आणि घरी बसून ध्वनिमुद्रणं ऐकणारे मराठी श्रोते त्यांच्याबद्दल सतत विचारत असतात. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. भर जावा, पश्चिम जावातला सुंदा प्रदेश आणि बाली यांच्यावर आहे. बाकीच्या आग्नेय आशियासाठी थेट प्रश्न १४ पाहा.

१. अशा मैफलीत नेमकं काय ऐकायला मिळतं?

मंचाच्या एका बाजूला पियानो किंवा कीबोर्ड, बास, गिटार, सॅक्सोफोन असतो, कधी ड्रमसेटही असतो. दुसऱ्या बाजूला वादक जमिनीवर मांडी घालून बसलेले असतात आणि त्यांच्यापुढे काशाच्या पट्ट्यांची व घंटांची रांग असते. लोकगीताची किंवा नव्याने बांधलेली एखादी धून गामेलान धरतं आणि जाझवाले तिच्यावर स्वरसंगती आणि उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं वादन, चढवतात. कधी उलट होतं. जाझची चाल चालू असते आणि गामेलान तिच्या आत स्वतःचं चक्र फिरवत राहतं.

असं एकत्र वाजवण्याचे सगळे प्रकार सारख्या तोलाचे नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. काही मैफलींत गामेलान सुरुवातीला दोन मिनिटं वाजतं आणि नंतर शोभेपुरतं उरतं. चांगल्या मैफलीत गामेलानमुळे जाझवाल्यांचं वाजवणं बदलतं. ते कसं, हे प्रश्न ४ आणि ६ मध्ये आहे. या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी ते दोन प्रश्न वाचा.

२. गामेलान हे एक वाद्य आहे की अनेक?

अनेक वाद्यांचा एक संच, आणि तो संच म्हणूनच घडवला जातो. सारोन आणि गेंदेर ही पट्ट्यांची वाद्यं, बोनांग म्हणजे आडव्या ठेवलेल्या छोट्या घंटांच्या दोन ओळी, केनोंग आणि केंपुल या मोठ्या घंटा, सगळ्यांच्या मागे टांगलेला गाँग आगेंग हा महागाँग, आणि संचाला चालवणारा केंडांग हा दोन तोंडांचा ढोल. जावाच्या संचात गजाने वाजवायचं रेबाब, सुलिंग ही बांबूची बासरी, लाकडी पट्ट्यांचं गांबांग आणि गायकही असतात.

काशासाठी तांबं आणि कथील साधारण दहाला तीन या प्रमाणात घेतात. हे काम आजही हाताने, भट्टीपाशी ठोकून चालतं. मध्य जावात सोलोजवळचं विरून आणि बालीत क्लुंगकुंगमधलं तिहिंगान ही त्यासाठी प्रसिद्ध गावं. युनेस्कोने २०२१ मध्ये गामेलानला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

३. हा मेळ कधीपासून आहे? अलीकडचं फ्यूजन आहे का?

अलीकडचं नाही. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार द्यबुसीने जावाचं संगीत ऐकलं तेव्हापासून युरोपियन संगीतकारांना त्याची ओढ आहे. जाझच्या बाजूने ठळक वर्ष १९६७. त्या वर्षी अमेरिकन क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट आणि ‘इंडोनेशियन ऑल स्टार्स’ बर्लिनच्या जाझ महोत्सवात वाजले आणि लगोलग जर्मनीतच त्यांची तबकडी मुद्रित झाली. पियानोवर सुराबायाचे बुबी चेन, गिटारवर जॅक लेस्माना, सॅक्सोफोनवर मार्योनो, बासवर योपी चेन, ड्रमवर बेनी मुस्तफा. त्यांनी बालीच्या आणि जावाच्या लोकधुना घेतल्या. बुबी चेन यांनी पियानोबरोबर केचापी हे सुंदा प्रदेशातलं तंतुवाद्यही वाजवलं. पूर्ण गामेलान मात्र त्यात नाही. त्या काळी धून घ्यायची आणि वाद्यं आपली ठेवायची, असा मार्ग होता.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरीने बर्लिनमध्ये मुक्त जाझमध्ये गामेलानची वाद्यं प्रत्यक्ष वाजवली. इंडोनेशियात पुढची मोठी उडी बांडुंगच्या ‘क्राकाताउ’ गटाने १९९० च्या दशकात घेतली, त्याबद्दल प्रश्न ४ मध्ये.

४. मला हे बेसूर का वाटतं? माझ्या कानाचा दोष आहे का?

दोष कुणाचाच नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

पियानोचं सप्तक १२ सारख्या भागांत विभागलेलं असतं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर प्रत्येक भाग १०० सेंटचा. गामेलानच्या स्लेंद्रो या सूररचनेत सप्तकात पाच स्वर असतात आणि त्यांच्यातली अंतरं जवळपास सारखी, म्हणजे प्रत्येकी सुमारे २४० सेंट. शून्यापासून मोजलं तर स्वर साधारण २४०, ४८०, ७२० आणि ९६० वर येतात. पियानोकडे २०० आहे आणि ३०० आहे, २४० नाही. दुसरी रचना पेलॉग. तिच्यात सात स्वर आणि अंतरं अगदी विषम, काही खूप जवळ तर काही खूप लांब. तीही पियानोच्या पट्ट्यांवर बसत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. प्रमाण सूर असा नसतोच. प्रत्येक संच घडवणारा कारागीर त्याचे सूर स्वतःच्या कानाने लावतो. एका गावचं सारोन दुसऱ्या गावच्या संचात ठेवलं तर जमत नाही. तानपुऱ्याची तार पिळता येते, काशाची पट्टी मैफलीच्या आधी पिळता येत नाही. म्हणून जुळवून घ्यायचं ते जाझवाल्यांनी.

‘क्राकाताउ’ने हेच केलं. द्विकी धर्मावान यांनी कीबोर्डचे सूर सुंदा प्रदेशातल्या गामेलानला जुळतील असे लावून घेतले, प्रा बुधिधर्म पडदे नसलेला बास वाजवू लागले. गिटारवाला तार ओढून, सॅक्सोफोनवाला ओठांचा दाब बदलून जवळ येऊ शकतो. व्हायोलिन, ट्रॉम्बोन आणि गळा यांना अडचण नाही. लाकडी पियानोला सर्वांत जास्त आहे.

काही गट उलट्या बाजूने जातात आणि पाश्चात्त्य सुरांत लावलेलं गामेलान नव्याने घडवून घेतात. ते सोयीचं आहे, पण माझ्या मते त्यात जे ऐकायला आलो तेच निसटतं. तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही सूर तसेच ठेवायचे आणि त्यांची घासाघीस ऐकू द्यायची. कसलेल्या वादकांच्या हाती तो फार सुंदर होतो. तुम्हाला जे बेसूर वाटलं ते कदाचित हेच असेल. दहा मिनिटं द्या, कान सरावतो.

५. स्लेंद्रो म्हणजे आपला भूपच ना?

कधी भूप, कधी दुर्गा, कधी मालकंसही वाटतो आणि त्याला कारण आहे. भूपाच्या मूर्च्छना केल्या, म्हणजे तेच स्वर ठेवून एकेका स्वराला षड्ज मानलं, की मधमाद सारंग, मालकंस, दुर्गा आणि धानी मिळतात, हे शिकलेल्यांना माहीत असतं. स्लेंद्रोत पाचही अंतरं जवळपास सारखी असल्याने कान ज्या स्वराला षड्ज मानेल त्याप्रमाणे या पाचांपैकी कुठलाही राग भासतो. एकच धून ऐकताना मध्येच षड्ज सरकल्यासारखा वाटतो तो यामुळे. पण भूपाचा गंधार तिथे नाही आणि मालकंसाचा कोमल धैवतही नाही. सगळे स्वर त्यांच्या आसपास आहेत, त्या जागी नाहीत. शिवाय जावात पथेत नावाची वेगळी व्यवस्था आहे. कोणत्या स्वरावर थांबायचं, कोणती वाक्यं चालतात आणि रात्रीच्या वायांग या बाहुल्यांच्या खेळात ती कोणत्या प्रहराला यायची, हे ती ठरवते. रागाच्या जवळचं काही शोधायचं असेल तर स्लेंद्रोत शोधू नका, पथेतमध्ये शोधा.

६. ताल पकडता येत नाही. सम कुठे असते?

शेवटी. हीच खरी गंमत आहे.

जाझमध्ये मात्रा मोजताना वजन ‘एक’वर असतं, तिथून वाक्य सुरू होतं. जावाच्या गामेलानमध्ये चार-चार ठोक्यांचे गट असतात आणि वजन चौथ्यावर येतं. चक्र जितकं मोठं तितका मोठा गाँग त्याच्या अगदी शेवटच्या ठोक्यावर वाजतो. लाद्रांग या रचनेत ३२ ठोक्यांचं आवर्तन असतं. दर आठव्या ठोक्याला केनोंग आणि बत्तिसाव्याला महागाँग. गाँग म्हणजे पोहोचणं.

आता जाझचा ड्रमर आणि गामेलानवाले एकत्र बसले की तोच गाँग एकाला सुरुवात वाटतो आणि दुसऱ्याला शेवट. नवख्या मैफलीत इथे गोंधळ उडतो. मुरलेल्या मैफलीत याच जागेवर खेळ रंगतो. सॅक्सोफोनचं वाक्य गाँगवर उगवतं आणि सारोनचं वाक्य त्याच गाँगवर मावळतं.

मराठी श्रोत्याला इथे थोडा फायदा आहे. आपण तिहाई ऐकत वाढलो आहोत, समेवर येऊन थांबण्याचा आनंद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. मान हलवायला ‘एक’ शोधू नका. तिहाईच्या शेवटची वाट पाहतो तशी गाँगची वाट पाहा, आवर्तन आपोआप हाती लागेल.

७. मध्येच लय अर्धी होते, पण काही वाद्यं तितक्याच वेगाने वाजत राहतात. चुकतं का कुणाचं?

नाही, ती इरामा आहे. मूळ धुनीचे ठोके हळूहळू लांब होत जातात आणि त्यांच्यातली जागा भरणारी वाद्यं त्याच प्रमाणात दुप्पट, चौपट भरणा करतात. ठाय विलंबित होते, वरची वीण दाट होते. हा बदल केंडांगवाला हाताने कळवतो. जाझमध्ये इतका सावकाश उतार नेहमीचा नाही, त्यामुळे ड्रमरला केंडांगकडे डोळे लावून बसावं लागतं.

८. केंडांग असताना ड्रमसेट कशाला?

पुष्कळदा खरंच नको असतो. गामेलानमध्ये केंडांगवाला लय चालवतो, जाझमध्ये ते काम ड्रमर करतो आणि एका मैफलीला दोन सारथी जड होतात. रिझा अर्शाद यांच्या ‘सिमाकडायलॉग’ने हा पेच निर्णायकपणे सोडवला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या गटाने पुढे ड्रमसेट बाजूला ठेवून सुंदा केंडांगवादकांच्या हाती लय दिली. इलेक्ट्रिक पियानो आणि गिटार त्यांच्यावर चालतात. रिझा २०१७ मध्ये गेले. त्यांची ध्वनिमुद्रणं सुरुवातीला जरा अवघड वाटतील, पण या सगळ्या प्रकारात मला ती सर्वांत प्रामाणिक वाटतात.

सुंदा केंडांगकडे मंचावर नीट बघा. मोठ्या ढोलाच्या पुडीवर वादक पायाची टाच दाबतो आणि नाद वर-खाली सरकवतो. आपला तबलजी डग्ग्यावर मनगटाने जे करतो ते हा टाचेने करतो. जायपोंगान या नाचाच्या साथीत हे काम विशेष खुलतं.

९. गामेलानमध्ये उपज असते का, की सगळं ठरलेलं?

प्रदेशावर अवलंबून आहे. जावात रेबाब, गेंदेर, गांबांग आणि गायक यांना ठरावीक मुक्कामांमध्ये आपल्या वाक्यांची निवड करता येते. मुक्काम सोडायचा नाही, वाट आपली. जाझवाल्याला हे लगेच समजतं. बालीत मात्र बांधणी घट्ट असते. तिथे एका धुनीचे दोन तुकडे करून दोन वादकांत वाटतात, एक पोलोस वाजवतो, दुसरा त्याच्या फटींमध्ये सांगसिह. दोघे मिळून एकच अतिवेगवान ओळ ऐकू येते. याला कोतेकान म्हणतात. त्यात एकाने मनाने काही बदललं तर दुसऱ्याचा आधार जातो. म्हणून बालीच्या गटाबरोबर जाझ वाजतं तेव्हा एकल वादन सहसा जाझवाल्याकडे असतं आणि गामेलान त्याच्याभोवती भिंत उभी करतं.

१०. बालीचं गामेलान थरथरतं, जावाचं नाही. ध्वनिव्यवस्थेचा दोष आहे का?

तो गुण आहे, मुद्दाम घडवलेला. बालीत वाद्यं जोडीने करतात आणि जोडीतलं एक किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की नादात कंप उठतो. त्याला ओम्बाक, म्हणजे लाट, म्हणतात. फोनच्या स्पीकरवर तो खरखरीसारखा येतो. समोर बसून ऐकलं की कळतं की पूर्ण मंच श्वास घेतो आहे. गाँग कब्यार ही बालीची धडाक्याची शैली १९१५ च्या सुमारास उत्तर बालीत पुढे आली. जाझवाल्यांना तिची एकदम उसळणारी सुरुवात फार आवडते.

११. कुठे आणि कधी ऐकता येईल?

जकार्ताचा ‘जावा जाझ’ २००५ पासून होतो. तो प्रचंड आहे, एकाच वेळी अनेक मंच चालतात आणि परदेशी तारे अधिक असतात. त्यातले इंडोनेशियन गट वेळापत्रकात शोधून काढावे लागतात. उबुदचा जाझ महोत्सव २०१३ पासून बालीत होतो आणि आटोपशीर आहे.

माझा कौल मात्र दोन ठिकाणांना. ‘जाझ गुनुंग’ २००९ पासून पूर्व जावात ब्रोमो ज्वालामुखीच्या परिसरात, सुमारे २००० मीटर उंचीवरच्या उघड्या रंगमंचावर होतो. रात्री थंडी वाजते, स्वेटर न्या. ‘ङायोगजाझ’ २००७ पासून योग्यकार्ताच्या आसपासच्या खेड्यांत भरतो. दरवर्षी गाव बदलतं, अंगणांत मंच उभारतात आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गावातले लोक पहिल्या रांगेत बसलेले असतात. या दोन्हींमागे जादुक फेरिआंतो होते. ते पारंपरिक वाद्यांचे वादक, ‘कुआ एत्निका’ गटाचे संस्थापक. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या वर्षीचा ‘ङायोगजाझ’ तीन दिवसांवर असताना ते गेले. महोत्सव झाला.

तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी आयोजकांची घोषणा बघा.

१२. कार्यक्रमानंतर वाद्यं वाजवून बघता येतात का?

विचारल्यावर बहुतेक वेळा हो. न विचारता नाही. तीन गोष्टी पाळा. चपला काढा. वाद्य ओलांडून जाऊ नका, वळसा घाला, कारण वाद्यावरून पाय टाकणं हा अपमान समजतात. आणि महागाँगला हात लावण्याआधी खास परवानगी घ्या. जावात संचाला किंवा मोठ्या गाँगला ‘क्याइ’ या आदराच्या पदवीसह नाव असतं आणि त्याच्यापुढे फुलं, धूप ठेवतात. ज्यांच्याकडे दसऱ्याला तंबोरा-तबल्याची पूजा होते त्यांना यात काही नवं वाटणार नाही.

१३. मग अशा पूज्य वाद्यांबरोबर जाझ वाजवलेलं तिथल्या लोकांना चालतं?

संच कोणता यावर ठरतं. योग्यकार्ता आणि सोलोच्या राजवाड्यांतले सेकातेन संच वर्षातून एकदा, पैगंबरजयंतीच्या सुमारास बाहेर येतात. त्यांच्यावर प्रयोग करण्याचा विचारही कुणी करत नाही. मंचावर दिसतात ते गटांचे, विद्यालयांचे किंवा गावाचे संच. तरीही जुन्या वादकांमध्ये नाराजी आहे आणि मला ती योग्य वाटते, जेव्हा गामेलानला फक्त रंगत आणण्यापुरतं वापरलं जातं. जादुक किंवा बालावान यांच्यासारखे लोक त्या परंपरेतूनच आलेले आहेत, त्यामुळे त्यांना कुणी बाहेरचं म्हणत नाही. बालावान हे बालीतल्या बातुआन गावचे गिटारवादक. दोन्ही हातांनी गिटारच्या पट्टीवर टिचक्या मारत ते कोतेकानसारखी वीण काढतात (कोतेकानसाठी प्रश्न ९).

१४. इंडोनेशियाबाहेर असं काही होतं का?

होतं, पण अडचणी वेगळ्या. थायलंडच्या शास्त्रीय संगीतात सप्तकाचे सात जवळपास सारखे भाग असतात, प्रत्येकी सुमारे १७१ सेंट, म्हणजे सुरांचा प्रश्न तिथेही आहेच. फिलिपिन्समध्ये मिंदानाओ बेटावरची कुलिंतांग ही घंटांची ओळ जाझमध्ये आली आहे. व्हिएतनामी वंशाचा पॅरिसचा गिटारवादक न्वेन ले याने गायिका हुओंग थान्हबरोबर १९९६ मध्ये केलेलं काम जरूर ऐका. व्हिएतनामचं दान बाउ हे एकतारी वाद्य मींडेवरच जगतं, त्यामुळे भारतीय कानाला ते पहिल्याच सुरात जवळचं वाटतं.

१५. या सगळ्याचा भारताशी काही संबंध आला का?

एक ठोस धागा आहे. १९६७ ची ती इंडोनेशियन तबकडी (प्रश्न ३) जर्मन समीक्षक योआखिम-एर्न्स्ट बेरेन्ट यांच्या मालिकेतली. त्याच मालिकेत, त्याच वर्षी, सतारवादक दिवाण मोतीहार आणि युरोपियन जाझवादकांची तबकडीही निघाली. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर कळतं की राग आणि जाझ यांना सूर जुळवणं सोपं गेलं, कारण सतारीचे पडदे सरकतात आणि तार ओढता येते. मुंबईत १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी ‘जाझ यात्रा’ सुरू केली आणि जाझ व भारतीय संगीताचा मेळ इथल्या श्रोत्यांच्या ओळखीचा झाला. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना जावाच्या मैफली ऐकताना आधीची तयारी कामी येते.

१६. गामेलानचे आवाज कीबोर्डवर भरून घेतले तर तीही अशीच मैफल मानायची का?

ऐकायला हरकत नाही, पण मी ती या यादीत धरत नाही. भरून घेतलेला आवाज पियानोच्या सुरात ओढता येतो, म्हणजे प्रश्न ४ मधली अडचण उरतच नाही आणि तिच्यातून निघणारं संगीतही निघत नाही. शिवाय महागाँगचा नाद बराच वेळ रेंगाळतो आणि पुढचं सगळं वाजवणं त्या रेंगाळण्यावर बसतं. अपवाद एकच: खरा संच मंचावर असताना त्याच्याच वाद्यांचे मुद्रित नाद त्याच सुरात वापरले तर. तिथे कीबोर्ड हा संचातला आणखी एक वादक होतो.

१७. कुठे बसावं? रेबाब आणि गेंदेर मला ऐकूच आले नाहीत.

ही खरी अडचण आहे. सारोन आणि बोनांग उघड्या मैदानातही ऐकू जातील इतके मोठे, तर रेबाब, गेंदेर, गांबांग अगदी नाजूक. त्यात ड्रमसेट आणि ध्वनिवर्धकातला बास आला की नाजूक वाद्यं दबतात. मायक्रोफोन किती आणि कुठे लावले यावर सगळं ठरतं. मोठ्या महोत्सवांत दोन गटांमधल्या घाईत त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. छोट्या जागी गामेलानच्या बाजूला, शक्य तितकं जवळ बसा. मोठ्या मैदानात ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाच्या आसपास उभे राहा. आधी होणारी आवाजाची चाचणी पाहू देत असतील तर लवकर जा. सुरांची जुळवाजुळव तिथेच उघड्यावर चाललेली दिसते.